नणंदेचं बाळ दत्तक घेताय, तेही दुसऱ्या राज्यातून? या चुका टाळा

बाळ बेळगावात जन्मणार, वाढणार कोल्हापुरात मामा-मामीकडे. घरच्यांचं ठरलंय, दोन्हीकडचे राजी आहेत. अशा प्रकरणांत नाती अडवत नाहीत, कागद अडवतात.

सर्वांत महागात पडते ती बाळंतपणाच्या वेळचीच चूक. ‘पुढे कटकट नको’ म्हणून गरोदर बाईला दवाखान्यात मामीच्या नावाने, मामीचं आधार दाखवून दाखल करतात, म्हणजे जन्मदाखल्यावर आपोआप मामा-मामीची नावं येतात. हे दत्तक नव्हे. जन्मनोंदणीत जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय दत्तक झाल्याचा एकही कागद मुलाकडे राहत नाही. पुढे जमिनीच्या वाटणीत एखाद्या भाऊबंदाने शंका काढली, की दाखला आणि डीएनए चाचणी एकमेकांच्या विरोधात उभे राहतात. जन्माची नोंद २१ दिवसांत, जन्मदात्यांच्याच नावाने करा. नावं बदलायची ती दत्तक झाल्यावर.

दुसरी चूक शंभराच्या स्टॅम्पपेपरवरची नोटरी. ‘आम्ही स्वखुशीने मूल दिलं’ एवढ्यावर शाळेत प्रवेश मिळेलही, पण १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यातलं कलम १६ चं संरक्षण मिळणार नाही. दत्तक कायदेशीर झालं असं न्यायालयाने गृहीत धरायचं, तर दत्तकपत्र नोंदणीकृत हवं आणि त्यावर देणारा व घेणारा दोघांच्याही सह्या हव्यात. दोन राज्यांचा घोळ होतो तो इथेच. सह्या बेळगावात झाल्या तर मुद्रांक कर्नाटकचा आणि नोंदणी तिथल्या दुय्यम निबंधकाकडे. महाराष्ट्रातून नेलेल्या कागदावर बेळगावात सह्या करू नका. सह्यांनंतर ४ महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला द्या. दत्तहोम (दत्तकाचा धार्मिक विधी) केला नाही तरी चालतं. मूल प्रत्यक्ष देणं-घेणं मात्र व्हायलाच हवं, आणि त्याचा उल्लेख दत्तकपत्रात असावा.

पण हा कायदा तुम्हाला लागू होतो का, हे आधी बघा. तो हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यासाठी आहे. घरात मुलगा असताना (किंवा मुलाचा मुलगा असताना) त्याखाली दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही. मुलगी असताना किंवा मुलाची मुलगी असताना मुलगी घेता येत नाही. मामाला एक मुलगा आहे आणि नणंदेलाही मुलगाच झाला, तर नोंदणी करूनही ते दत्तक टिकणार नाही. पुरुषाने मुलगी किंवा बाईने मुलगा घ्यायचा तर वयात किमान २१ वर्षांचं अंतर लागतं.

अशा वेळी, किंवा घर मुस्लिम-ख्रिस्ती असेल तर, रस्ता बाल न्याय कायदा, २०१५ चा. त्यातलं कलम ५६(२) कोणत्याही धर्माच्या नातेवाइकाला खुलं आहे. ‘नातेवाईक’ म्हणजे मात्र काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा, एवढेच. मुलाची थोरली बहीण त्यात नाही. चुलत-मावस नातीही धरून चालू नका. ‘कारा’च्या (दत्तकाचं काम बघणारं केंद्रीय प्राधिकरण) केअरिंग्ज पोर्टलवर नोंदणी, जन्मदात्यांची संमती, नातं व आर्थिक स्थिती सांगणारं प्रतिज्ञापत्र आणि मूल ५ वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याचीही संमती लागते. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचे आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे गेले. पण मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये अंतरिम आदेश देऊन प्रलंबित प्रकरणं न्यायालयांतच ठेवली. म्हणून बेळगावच्या पाहुण्यांनी सांगितलेली पद्धत कोल्हापुरात जशीच्या तशी चालेल असं समजू नका. अर्ज कुठे द्यायचा हे दोन्ही जिल्ह्यांच्या बाल संरक्षण कक्षांना लेखी विचारा.

एकटी, नोकरी करणारी बाई म्हणून कोणी परत पाठवलं तर ऐकून घेऊ नका. बहिणीची मुलगी मागणाऱ्या घटस्फोटित बाईंचा अर्ज भुसावळच्या न्यायालयाने त्या नोकरी करतात म्हणून फेटाळला होता. उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये तो निकाल रद्द केला.

संमतीत बाप विसरला जातो. नवरा-बायको वेगळे राहत असले तरी त्याची संमती लागते. आईवडील दोघंही नसतील तर आजीने सही करून भागत नाही. हिंदू कायद्याखाली पालकाला आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. बाळंतपणाचा खर्च उचलला तर पावत्या दवाखान्याच्या नावाने ठेवा. मुलाच्या बदल्यात पैसे देणं-घेणं दोन्ही कायद्यांत गुन्हा आहे.

मामा-मामी दुबईत किंवा अमेरिकेत असतील तर नुसत्या दत्तकपत्रावर बाळाला नेता येत नाही. ‘कारा’चं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि ती प्रक्रिया वेगळी आहे.

शेवटी जन्मदाखला. तो बदलून मिळतो जन्म जिथे नोंदला तिथेच, म्हणजे बेळगावात. कोल्हापूर महापालिकेत खेटे घालू नका. आदेशाच्या किंवा नोंदणीकृत दत्तकपत्राच्या चार-पाच प्रमाणित प्रती आधीच काढून ठेवा. १ ऑक्टोबर २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, आधार, पासपोर्ट सगळीकडे हाच दाखला जन्मतारखेचा पुरावा म्हणून लागतो, तेव्हा बाळाचं आधार नवा दाखला हाती आल्यावरच काढा.