घरून काम करणाऱ्या पुनर्वसन समुपदेशकांचे पर्यवेक्षण: नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

दिव्यांग व्यक्तींच्या पुनर्वसनात समुपदेशकाचे काम धीर देण्यापुरते मर्यादित नसते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचे सरकारी ओळखपत्र) मिळवण्यास मदत करणे, व्यवसाय प्रशिक्षणाची निवड, मालकाशी बोलणी आणि घरच्यांची समजूत ही सगळी कामे त्याच्याकडे येतात. 25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि हे सारे काम एकाएकी फोनवर आले, तेव्हा एका स्वयंसेवी संस्थेत अशा समुपदेशकांच्या पर्यवेक्षणाची जबाबदारी माझ्याकडे होती. पुढे ही पद्धत काही प्रमाणात कायम राहिली, त्यामुळे आज पर्यवेक्षक होणाऱ्यांना तिची ओळख असणे गरजेचे आहे.

कार्यालयात पर्यवेक्षणाचा मोठा भाग ठरवून होतच नाही. समुपदेशक खोलीतून बाहेर येतो, चहा घेताना ‘आई त्याला बोलूच देत नाही’ असे सहज सांगतो आणि पुढची दिशा तिथेच ठरते. घरून काम सुरू झाल्यावर हे बोलणे थांबते आणि पर्यवेक्षकाच्या हाती उरतो तो कॉलच्या संख्येचा तक्ता. वरिष्ठांना आणि देणगीदारांना तो हवाच असतो, त्यामुळे तो भरावा लागतो. परंतु त्यावरून समुपदेशकाच्या कामाचा दर्जा ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या एखाद्या तरुणाच्या केसमध्ये महिनाभराचे सगळे कॉल आईशीच झालेले असू शकतात, आणि तरीही तक्ता भरगच्च दिसतो. म्हणून आम्ही केसनोंदीत ‘व्यक्ती स्वतः काय बोलली’ असा रकाना वाढवला. तो सलग रिकामा दिसला की त्या समुपदेशकाशी मी सविस्तर बोलत असे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या उद्देशिकेत स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याच्या स्वातंत्र्याचा उल्लेख आहे. दूरस्थ कामात ते स्वातंत्र्य कोणी मुद्दाम हिरावून घेत नाही, फोन ज्याच्या हातात असतो त्याच्याकडे ते आपोआप जाते.

गोपनीयतेचा प्रश्न दोन्ही घरांत असतो. समोरच्या घरात बहुधा एकच स्मार्टफोन असतो आणि तो स्पीकरवर ठेवला जातो. त्यामुळे सुरुवातीला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावेत, आणि जवळ कोणी आले तर विषय बदलण्यासाठी एखादा साधा शब्द आधीच ठरवून घ्यावा. समुपदेशकाच्या घराची चौकशी करताना अवघडल्यासारखे वाटते, तरी ती करावीच लागते: बोलायला बंद दाराची जागा आहे का, वही कुठे ठेवली जाते, व्हॉट्सॲपवर आलेली प्रमाणपत्रांची छायाचित्रे घरातल्या सगळ्यांच्या फोनवर दिसणाऱ्या सामायिक खात्यात तर साठत नाहीत ना. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 23 ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि समुपदेशक घरी बसला म्हणून तो शिथिल होत नाही.

नवे लोक अनेकदा 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांचा आधार देतात. ती नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत. पुनर्वसन व्यावसायिकांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, 1992 च्या स्वतंत्र कायद्यानुसार होते. त्यामुळे संमती कशी घ्यायची, नोंद कुठे ठेवायची आणि संकटात कोणाला कळवायचे याचे लेखी नियम संस्थेने स्वतः करावेत. संकटाची तयारी पहिल्याच कॉलमध्ये व्हावी. व्यक्ती त्या क्षणी कोणत्या पत्त्यावर आहे आणि विश्वासाचा शेजारी किंवा नातेवाईक कोण, हे लिहून घ्यावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांकही तेव्हाच द्यावा. आत्महत्येचा विचार बोलून दाखवला गेला, तर समुपदेशकाने एकट्याने निर्णय न घेता पर्यवेक्षकाला त्याच वेळी फोन करावा, आणि पर्यवेक्षकाने तो उचलावा.

सत्रांचे ध्वनिमुद्रण मागवण्याचा मोह पर्यवेक्षकाला होतो. मी तो टाळला, कारण मुद्रण चालू आहे म्हटल्यावर माणूस जपून बोलतो आणि ती फाइल पुढे कुठे जाईल याची खात्री देता येत नाही. त्याऐवजी व्यक्तीची संमती घेऊन अधूनमधून कॉलमध्ये सामील होणे आणि नंतर समुपदेशकाशी निवांत बोलणे अधिक उपयोगी ठरले.

कोणते माध्यम योग्य हे दिव्यांगत्वाच्या प्रकारावर अवलंबून असते. सांकेतिक भाषेतला व्हिडिओ कॉल चालू असताना नेट अडखळले तर हातांच्या खुणा तुटतात, आणि पाठीमागे उजेडाची खिडकी असेल तर चेहराच दिसत नाही. ‘मग लिहून पाठवा’ हा उपायही सर्वांना लागू पडत नाही, कारण सांकेतिक भाषा वापरणाऱ्या अनेकांना लिखित मराठी सहज वाचता येत नाही. दृष्टिहीन व्यक्तीला अर्जाचे नुसते छायाचित्र पाठवल्यास स्क्रीन रीडरला (पडद्यावरचे लेखन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) त्यातला मजकूर बऱ्याचदा नीट वाचता येत नाही. सेरेब्रल पाल्सीमुळे उच्चार अस्पष्ट असलेल्या माणसासाठी फोनवर दुप्पट वेळ धरावा, आणि तो वेळ समुपदेशकाच्या वेळापत्रकात पर्यवेक्षकानेच राखून ठेवावा.

निर्बंध उठल्यावर प्रत्यक्ष भेटी कोणाच्या आधी घ्यायच्या, याचा क्रम आम्ही ठरवला. कृत्रिम पाय किंवा व्हीलचेअरचे माप ज्यांचे राहिले होते ते पहिले, आणि ज्यांच्या केसमधला तो रकाना अजून रिकामा होता ते त्यांच्याबरोबरच. पाठपुराव्याचे आणि कागदपत्रांचे काम फोनवरच चालू ठेवले, कारण तेवढ्यासाठी गावाहून एसटीने येण्यात लोकांची दिवसाची मजुरी बुडत असे.