अकरावीच्या डिसेंबरातच सुरू करा, आणि तेही कागदांपासून

अकरावीची पहिली सत्र परीक्षा झाली की घरोघरी एकच चर्चा सुरू होते: बारावीला क्लास कुठला लावायचा. लावा, जो लावायचा तो लावा. पण नाताळच्या सुट्टीत आई-बापांनी खरं हातात घ्यायचं काम आहे ते बारावीनंतरच्या प्रवेशाला लागणाऱ्या कागदांचं. अभ्यास मुलं कसाबसा वेळेत उरकतात. दाखल्यांचं मात्र जून महिन्यात काही म्हणता काही होत नाही, कारण तेव्हा सगळा ठाणे जिल्हा एकाच खिडकीवर उभा असतो.

आमच्या घरातली दोन मुलं यातून पार पडली. मोठी कॉमर्सची, धाकटा सायन्सचा. आम्ही कळव्याला राहतो. आता सोसायटीत कोणाचं मूल बारावीला आलं की त्याची आई फाइल घेऊन आमच्याकडे येते, त्यामुळे दोनाची पाच-सहा घरं झाली. त्या सगळ्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

कागदांचे आधी दोन ढीग करा. पहिल्या ढिगात जे एकदा काढले की पुरतात ते: डोमिसाइल (रहिवासाचा दाखला), जातीचा दाखला, जात पडताळणी. दुसऱ्यात जे आर्थिक वर्षाला बांधलेले असतात ते: उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर (मागासवर्गीय असून उन्नत गटात मोडत नसल्याचा), ईडब्ल्यूएस (खुल्या वर्गातल्या आर्थिक दुर्बलांचा). दुसऱ्या ढिगाला डिसेंबरात हात लावू नका. तेव्हा काढलेल्या दाखल्याची मुदत सहसा ३१ मार्चला संपते आणि प्रवेश असतात जून-जुलैत. ते बारावीच्या परीक्षेनंतर, १ एप्रिल उलटल्यावर काढायचे. नॉन-क्रिमिलेअर तीन वर्षांपर्यंतचंही मिळतं, तेव्हा घरात आधीचं असेल तर त्यावरची तारीख वाचा आणि मगच धावाधाव करा. 'माझ्याकडे दाखला आहे' असं म्हणत येणाऱ्या दर दुसऱ्या आईच्या फाइलमधला दाखला मुदत संपलेला निघतो.

डोमिसाइल तसं सोपं. तहसीलदारांच्या सहीचं असतं, आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून अर्ज करता येतो. महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहत असल्याचे पुरावे लागतात. भाड्याच्या घरांतून फिरलेल्या कुटुंबांची इथे पंचाईत होते: कळवा, मग दिवा, मग घणसोली, आणि वीजबिल प्रत्येक ठिकाणी मालकाच्या नावाचं. अशा वेळी शाळेचे बोनाफाईड, म्हणजे मूल तिथे शिकत असल्याचे दाखले, कामी येतात. बालवाडीपासूनच्या शाळा बदलल्या असतील तर प्रत्येक शाळेतून बोनाफाईड आणून ठेवा.

खरं दुखणं जात पडताळणीचं, म्हणजे सगळे जिला व्हॅलिडिटी म्हणतात तिचं. आरक्षणातून इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकलला जायचं तर ती लागतेच. इथे ठाण्या-नवी मुंबईतल्या लोकांचा एक मोठा गैरसमज असतो. आपण इथे राहतो, मुलं इथे जन्मली, म्हणजे सगळं ठाण्यातच होईल असं त्यांना वाटतं. जातीचा दाखला मूळ गाव ज्या जिल्ह्यात, तिथल्या प्रांत कार्यालयाचा असतो, आणि पडताळणीही त्याच जिल्ह्याच्या समितीकडे जाते. आमचं गाव पाटण तालुक्यात, म्हणून आमची फाइल साताऱ्याला गेली.

पुरावा कशाचा द्यायचा, तर ठरावीक तारखेच्या आधीपासून तुमची माणसं त्या जिल्ह्यात होती आणि त्यांच्या जातीची नोंद होती याचा. ओबीसींसाठी ती तारीख १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. म्हणजे मुलाचा दाखला, बापाचा दाखला एवढ्यावर भागत नाही. आजोबांपर्यंत, कधी पणजोबांपर्यंत जावं लागतं. आमच्या सासऱ्यांची शाळा गावातच होती. मुख्याध्यापकांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. पानं हाताला लागताच कडा सुटत होत्या, म्हणून ते स्वतः पट्टीने एकेक पान उलटत होते. नाव सापडलं, जात सापडली, पण आडनावाचा पत्ता नाही. नुसतं नाव आणि वडिलांचं नाव. जन्मतारीख १ जून. त्याच पानावर आणखी बऱ्याच जणांची १ जून होती, कारण त्या काळी गुरुजी पोराला बघून वर्ष ठरवत आणि तारीख सरसकट तीच टाकत. आडनावासाठी मग वंशावळीचं शपथपत्र करावं लागलं. शाळेची नोंद मिळालीच नाही तर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी शोधाव्या लागतात. हे काम दिवाळीत किंवा मे महिन्यात गावी जाल तेव्हाच होतं. शाळा उघडी असेल असा दिवस मात्र बघून जा. दिवाळीच्या सुट्टीत कुलूप असतं, तेव्हा आधी फोन करा.

वडिलांकडच्या रक्तनात्यात कोणाची व्हॅलिडिटी आधी झालेली असेल, चुलत्याची किंवा चुलतभावाची, तर बराचसा डोंगर सर झालाच म्हणा. भाऊबंदांशी बोलणं बंद असेल तर या निमित्ताने सुरू करा. मी गंमत करत नाही. आमच्या ओळखीतल्या एका घरात अकरा वर्षांचा अबोला याच झेरॉक्ससाठी सुटला.

अर्ज ऑनलाइन भरायचा आणि ज्युनिअर कॉलेजच्या प्राचार्यांच्या सही-शिक्क्यासह समितीकडे द्यायचा. त्यासाठी मूल त्या कॉलेजात शिकत असलं पाहिजे, म्हणून बारावी संपायच्या आत. अर्जाच्या पावतीवर प्रवेश मिळाल्याची आणि सरकारने मुदत वाढवून दिल्याची उदाहरणं तुम्हाला लोक सांगतील. ती खरी आहेत. पण त्या भरवशावर राहिलात तर मुदतीत कागद न आल्यास राखीव जागा हातची जाते, आणि जुलै-ऑगस्टात घरातल्या प्रत्येकाचा रक्तदाब वर असतो.

नावांचं एवढं बघा: आधार, दहावीची मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला, तिन्हींवर स्पेलिंग एकच हवं. नसेल तर मार्कशीट प्रमाण धरून आधार दुरुस्त करा, कारण बोर्डाच्या कागदावरची दुरुस्ती जास्त वेळखाऊ. आपल्या मुंबई विभागाचं बोर्ड वाशीत आहे, त्यातल्या त्यात तेवढं सुख.

आता परीक्षा. बारावीच्या डिसेंबरात जागे होणाऱ्यांसाठी काही दारं तोवर बंद झालेली असतात हे कोणी सांगत नाही. नॅशनल लॉ स्कूलसाठीची क्लॅट गेली काही वर्षं डिसेंबरच्या सुरुवातीलाच होते. इंजिनिअरिंगच्या जेईई मेनचं पहिलं सत्र जानेवारीत, त्याचा फॉर्म त्याच्या बराच आधी. फॅशन डिझाइनच्या निफ्टचं कॉलेज खारघरला आपल्या दारात आहे, पण त्याच्या प्रवेशपरीक्षेचा फॉर्मही हिवाळ्यातच भरायचा असतो. म्हणून अकरावीच्या डिसेंबरात मुलाला एका कागदावर लिहायला लावा: मला काय काय व्हावंसं वाटतं, आणि त्या प्रत्येकासमोर परीक्षा आणि फॉर्मचा महिना. तीन गोष्टी लिहिल्या तरी पुष्कळ झालं. 'अजून ठरलं नाही' हे उत्तरही चालेल, फक्त परीक्षांचे महिने माहीत हवेत.

राज्याची प्रवेशपरीक्षा एमएचटी-सीईटी हा बहुतेकांचा खरा रस्ता. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) आणि पीसीबी (मॅथ्सऐवजी बायोलॉजी) असे दोन गट, पेपर २०० मार्कांचा, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात, म्हणून अकरावीची पुस्तकं मे महिन्यात रद्दीत घालू नका. आमच्याकडे बालभारतीची फिजिक्स-केमिस्ट्री धाकट्याच्या मागोमाग मजल्यावरच्या तीन मुलांनी वापरली. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला बोर्डात पीसीएममध्ये खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राखीवला ४० टक्के पुरतात, त्यामुळे बरीच मुलं बोर्डाकडे काणाडोळा करतात. पण जेईईतून एनआयटी-आयआयटीला जायचं तर बारावीला ७५ टक्क्यांची अट मध्ये येते, आणि बीएस्सीचा विचार असेल तर मेरिट बारावीच्याच मार्कांवर लागतं. दोन्ही डगरींवर हात ठेवून चाला.

कॉमर्सवाल्यांनी इथे थांबून वाचा. बीएमएस, बीबीए, बीसीए हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, अखत्यारीत गेले आणि त्यांना सीईटी आली. त्याआधी बारावीचे मार्क घेऊन कॉलेजच्या यादीत नाव बघायचं, एवढंच होतं. अनेक कॉलेजांनी मग तोच अभ्यासक्रम बीकॉमच्या नावाखाली, म्हणजे बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज वगैरे, सुरू केला. त्याला सीईटी लागत नाही. त्यामुळे एकाच कॉलेजात सारखे वाटणारे दोन कोर्स आणि दोन वेगळे रस्ते. तुमच्या मनातल्या कॉलेजच्या माहितीपत्रकात कोर्सचं पूर्ण नाव वाचा. साध्या बीए-बीकॉम-बीएस्सीला कॉलेजच्या फॉर्मआधी मुंबई विद्यापीठाच्या पोर्टलवर नावनोंदणी करावी लागते, ती निकालाच्या गडबडीत राहून जाते.

इंटिग्रेटेड कॉलेजचं, म्हणजे क्लासशी जोडलेल्या कॉलेजचं, विचाराल तर माझं मत फारसं बरं नाही. नाव एका कॉलेजात, दिवस दुसऱ्याच क्लासच्या चौथ्या मजल्यावर, आणि प्रॅक्टिकलचं जर्नल जानेवारीत रातोरात. ज्यांना आधीच जेईई-नीटचं वेड आहे त्यांना ते मानवतं. बाकीच्यांचं कॉलेज तेवढं बुडतं.

कॉलेज निवडताना कटऑफ सगळे बघतात, लोकल कोणी बघत नाही. ठाण्याहून नऊ-दहा नंबरवरून सुटणारी वाशीची गाडी सकाळी ऐरोली, रबाळे, घणसोलीच्या ऑफिसवाल्यांनी खच्चून भरते. ऐरोलीचं दत्ता मेघे, कोपरखैरण्याचं लोकमान्य टिळक, वाशीचं अॅग्नेल, नेरूळचं तेरणा आणि एसआयईएस, ही सगळी त्याच ट्रान्स-हार्बरवर. कळव्याच्या मुलाला आधी ठाणं गाठायचं, तेही स्लो गाडीने, कारण फास्ट कळव्याला थांबत नाही. माटुंग्याच्या व्हीजेटीआयचं स्वप्न असेल तर तिथेही स्लोच. म्हणून मुलाला कॉलेज दाखवायला रविवारी नेऊ नका. कामाच्या दिवशी, पहिल्या लेक्चरच्या वेळेला, त्याच गाडीने जा, आणि परत येतानाही गर्दीची वेळ गाठा. धाकट्याच्या यादीतली दोन कॉलेजं या एका फेरीत खाली सरकली. घोडबंदरच्या मुलांसाठी कासारवडवलीचं ए. पी. शाह त्याच कारणाने वर चढतं. लोकल लागत नाही, पण घोडबंदर रोडचा ट्रॅफिक आहेच. ठाण्यातच राहून बीएस्सी-बीकॉम करायचं तर चेंदणीचं बांदोडकर आणि जोशी-बेडेकर किंवा ज्ञानसाधना, आणि पोर दुपारी जेवायला घरी.

कॅप, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेशप्रक्रियेत भरायच्या कॉलेजांच्या पसंतीक्रमाबद्दल एवढंच सांगते, कारण भांडणं इथेच होतात. वर तेच कॉलेज लिहा जिथे खरंच जायचंय. 'मिळणार नाही' म्हणून आवडतं कॉलेज खाली टाकलंत तर ते मिळत असूनही जातं. आणि जिथे जायचंच नाही ते पहिल्या नंबरवर टाकू नका. इंजिनिअरिंगच्या २०२५ च्या कॅप प्रवेशात पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागत होती. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. त्यामुळे यादीतली वरची सहा नावं घरात सगळ्यांनी मिळून, शांतपणे ठरवावीत. नियम दरवर्षी थोडेफार हलतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुलानेच वाचावी, आणि लॉगिनचा पासवर्ड कॅफेवाल्याकडे नाही तर मुलाकडे असावा.

मुली असलेल्या घरांनी फीचं आधीच बघून ठेवावं. ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून राज्य सरकार पूर्ण भरतं, प्रवेश कॅपमधून झाला असेल तर. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की ते गेलं. बाकीची फी भरावीच लागते. अर्ज महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा, आणि त्यासाठी बँकेचं खातं मुलीच्याच नावावर आणि आधारला जोडलेलं हवं. हे बारावीच्या सुट्टीत करून टाका. जोडलं गेलंय का ते आधारच्या संकेतस्थळावर आपलं आपल्याला बघता येतं. काउंटरवरच्या 'झालंय मॅडम'वर विसंबून घरी येऊ नका.