दोष कॅबिनेटचा, संशय मदरबोर्डवर: पीसी जोडताना या चुका टाळा

नवीन पीसी जोडायचा ठरला की प्रोसेसर कोणता, ग्राफिक्स कार्ड कोणतं यावर आठवडाभर खल होतो. कॅबिनेट मात्र सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांत घेतलं जातं. काच मोठी आहे ना, पंखे लाइटवाले आहेत ना, झालं. मग महिन्याभरात मशीन अधूनमधून बंद पडायला लागतं, गेम अडकायला लागतो, यूएसबी पोर्ट चालेनासे होतात. अशा वेळी रॅम बदलून बघितली जाते, मदरबोर्ड वॉरंटीला पाठवला जातो, विंडोज नव्याने टाकली जाते. कॅबिनेटकडे कोणी बघतसुद्धा नाही, आणि बऱ्याचदा सगळं मूळ तिथेच असतं. पार्ट मावतात की नाही, त्यांना हवा मिळते की नाही आणि त्यांचं अर्थिंग नीट होतं की नाही, हे तीनही प्रश्न कॅबिनेटच्या हातात असतात.

मापं न घेता केलेली खरेदी

मदरबोर्डच्या मापात सहसा कोणी चुकत नाही. एटीएक्स ३०५ × २४४ मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४, मिनी-आयटीएक्स १७० × १७०. दुकानदारही बरोबर सांगतो. फक्त ‘ई-एटीएक्स’ या नावाखाली वेगवेगळ्या रुंदीचे बोर्ड विकले जातात, तेव्हा तिथे नावावर न जाता मिलिमीटर बघा.

खरा घोटाळा ग्राफिक्स कार्डाच्या लांबीत होतो. कॅबिनेटच्या माहितीत ‘३३० मिमीपर्यंत कार्ड चालेल’ असं लिहिलेलं असतं, आपलं कार्ड ३०५ मिमी असतं, आणि आपण निश्चिंत होतो. पण हा आकडा बहुतेक वेळा पुढची बाजू मोकळी धरून दिलेला असतो. तिथे लिक्विड कूलरचा (प्रोसेसर द्रवाने थंड ठेवणाऱ्या यंत्रणेचा) रेडिएटर लावला की साधारण २७ मिमी रेडिएटरचे आणि २५ मिमी पंख्याचे, असे ५२ मिमी गेले. उरले २७८. कार्ड बसत नाही, आणि हे कळतं ते सगळं उघडून पसरून बसल्यावर.

रेडिएटरच्या नावावरही जाऊ नका. ३६० म्हणजे १२० मिमीचे तीन पंखे. दोन्ही टोकांच्या टाक्या धरल्या तर रेडिएटर प्रत्यक्षात ४०० मिमीच्या जवळ जातो. तो छताला लावायचा असेल तर त्याची आणि पंख्यांची मिळून जाडी खाली रॅमवर येते. लाइटवाल्या काही रॅमची उंची ५० मिमीच्या पुढे असते. ‘वर ३६० चालतो’ हे वाक्य अशा वेळी खरं असूनही उपयोगाचं नसतं, कारण तो चालतो तो बुटक्या रॅमसोबत. २८० चा रेडिएटर २४० पेक्षा रुंद असल्यामुळे रॅमला आणखी लवकर अडतो.

प्रोसेसरवर बसणाऱ्या एअर कूलरचंही तसंच. नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५ हा १६५ मिमी उंच आहे. मर्यादा १६० असलेल्या कॅबिनेटची काच त्याच्यावर बंद होणार नाही. शिवाय कूलरचा पुढचा पंखा रॅमच्या डोक्यावर येत असेल आणि रॅम उंच असेल, तर पंखा वर सरकवावा लागतो आणि कूलरची एकूण उंची तेवढीच वाढते. हे गणित माहितीपत्रकात कुठेच लिहिलेलं नसतं, ते आपणच करायचं.

नव्या एनव्हिडिया कार्डांच्या १६ पिनच्या पॉवर केबलमुळे कॅबिनेटची रुंदीही आता महत्त्वाची झाली आहे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आरटीएक्स ४०९० चे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या तेव्हापासून दोन गोष्टी सतत सांगितल्या जातात: प्लग शेवटपर्यंत आत गेला पाहिजे, आणि प्लगपासून निदान ३५ मिमीपर्यंत केबल सरळ राहिली पाहिजे. कॅबिनेट अरुंद असेल तर काच बंद करताना तीच केबल दाबली जाते. काच जोर लावून बसवावी लागत असेल तर थांबा आणि ती कशाला अडते आहे ते बघा.

आणि कॅबिनेटसोबत ‘फ्री’ मिळणारी एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणारी पेटी? ग्राफिक्स कार्ड लावणार असाल तर ती वापरू नका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर ऑनलाइन, स्वस्त कॅबिनेटसोबत येणाऱ्या त्या पेटीवर छापलेल्या वॅटवर तुमच्या हजारो रुपयांच्या पार्टचा भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. चांगली एसएमपीएस वेगळी घ्या, आणि घेताना तिची लांबी बघा. एटीएक्स एसएमपीएस १५० मिमी रुंद आणि ८६ मिमी उंच असते, पण लांबी १४० पासून १८० च्या पुढेही जाते. मॉड्युलर (सुट्या केबल लावायची) असेल तर मागे केबल वळायला आणखी जागा लागते, आणि नेमका तिथेच हार्ड डिस्कचा पिंजरा असतो.

हवा कोंडणारी सुंदर पेटी

पुढून सलग काच आणि बाजूला बोटभर फट, अशी कॅबिनेटं फोटोत फार छान दिसतात. अकोला, नागपूर, जळगाव इथल्या मे महिन्यात ती घेणाऱ्याचे हाल होतात. कुठलाही पंखा पार्टला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. खोली १० अंशांनी तापली की आतले पार्टही जवळजवळ तेवढेच वर जातात. म्हणून आपल्याकडे समोर जाळीच हवी, हे माझं ठाम मत आहे. लाइट एखादा कमी असला तरी चालेल.

गेम सुरुवातीला छान चालतो आणि पंधरावीस मिनिटांनी फ्रेम पडायला लागतात, अशी तक्रार असेल तर कार्डाला दोष देण्याआधी एक चाचणी करा. तोच गेम तेवढाच वेळ तीनदा चालवा: एकदा सगळं बंद ठेवून, एकदा पुढचं पॅनल काढून, एकदा बाजूची काचही काढून. पुढचं पॅनल काढल्याबरोबर तापमान ठळकपणे उतरलं तर कॅबिनेटला श्वास घेता येत नाही, हे सिद्ध झालं. काहीच फरक पडला नाही तर कूलर नीट बसला आहे का आणि त्याच्या आणि प्रोसेसरच्या मध्ये थर्मल पेस्ट लागली आहे का ते बघा. आकडे वाचताना एवढं ध्यानात ठेवा की एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाणार असंच धरून बनवलेले आहेत. निव्वळ तो आकडा बघून घाबरू नका.

पंख्यांची दिशा उलटी लागणं ही अगदी नेहमीची चूक. ज्या बाजूला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची चौकट दिसते त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढचे आणि खालचे पंखे हवा आत घेणारे, मागचे आणि वरचे बाहेर टाकणारे. आत येणारी हवा थोडी जास्त ठेवली तर फटींमधून धूळ कमी शिरते. खात्री करायला टिश्यू पेपरचा तुकडा पुरेसा आहे. जाळीवरचे फिल्टर रस्त्यालगतच्या घरात महिन्याला, एरवी दोनतीन महिन्यांनी धुवा, आणि पावसाळ्यात ते पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका.

बोर्डाखालचा पितळी खुंट

बोर्ड कॅबिनेटच्या पत्र्याला टेकू नये म्हणून त्याच्याखाली स्टँडऑफ, म्हणजे पितळी खुंट असतात. ते लावलेच नाहीत आणि बोर्ड थेट पत्र्यावर कसला, तर मागची सगळी सोल्डरिंग पत्र्याला टेकते. अशी चूक लगेच लक्षात येते. जास्त त्रास देतो तो एखादा जादाचा खुंट.

जुन्या कॅबिनेटमध्ये आधी मायक्रो-एटीएक्स बोर्ड होता आणि आता पूर्ण एटीएक्स बसवताय, असं समजा. मायक्रो-एटीएक्सच्या खालच्या ओळीतले खुंट तसेच राहिले तर ते नव्या बोर्डाच्या मध्यावर, जिथे भोक नाही अशा जागी येऊ शकतात. बटण दाबलं की पंखे क्षणभर हलतात आणि थांबतात, कारण एसएमपीएस शॉर्ट ओळखून स्वतःला बंद करते. किंवा त्याहून वाईट म्हणजे सगळं सुरू होतं, आणि टेबलाला धक्का लागला की रिस्टार्ट होतं. माणूस सहा महिने रॅमच बदलत राहतो. बोर्ड बसवण्याआधी तो पत्र्यावर धरून प्रत्येक भोक बघा: भोक तिथे खुंट, भोक नाही तिथे खुंट नाही. पूर्ण एटीएक्सला असे नऊ खुंट लागतात.

कमी किमतीचे काही बोर्ड रुंदीला कमी असतात आणि उजव्या कडेच्या खुंटांपर्यंत पोहोचतच नाहीत. तिथे बोर्ड अधांतरी असतो. २४ पिनची केबल किंवा रॅम दाबताना तो वाकतो, म्हणून रॅम बोर्ड बाहेर असतानाच बसवा आणि केबल लावताना बोर्डाखाली बोटाचा आधार द्या.

एक स्क्रू काय करू शकतो याचं मोठं उदाहरण म्हणजे एनझेडएक्सटीचं एच१ हे छोटं कॅबिनेट. त्यात ग्राफिक्स कार्डाच्या रायझरला (कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या भागाला) कॅबिनेटशी जोडणारे दोन धातूचे स्क्रू रायझरच्या सर्किटला टेकून शॉर्ट होऊ शकत होते आणि आग लागण्याचा धोका होता. कंपनीने आधी नायलॉनचे स्क्रू पाठवले, पण तेवढ्याने भागलं नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत कॅबिनेट रीतसर परत मागवावं लागलं. रायझरवाली कॅबिनेटं दिसायला सुरेख असतात, पण रायझर पीसीआय एक्सप्रेस स्लॉटच्या जुन्या पिढीचा, म्हणजे जेन ३ चा, आणि कार्ड जेन ४ चं असलं तरी डिस्प्ले न येणं किंवा मध्येच काळा पडदा होणं असे प्रकार होतात. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन तो स्लॉट जेन ३ वर ठेवा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

केबल लावताना

समोरच्या बटणांच्या बारीक वायरींना लोक उगाच घाबरतात. पॉवर आणि रिसेट बटणाला प्लस-मायनस नसतं, कशीही लावा. एलईडीला असतं, उलटी लागली तर फक्त पेटत नाही. घाबरायचं असेल तर यूएसबी ३.० च्या जाड १९ पिनच्या प्लगला घाबरा. तो तिरका लावला की बोर्डावरच्या पिना वाकतात. काढतानाही सरळ वर ओढा, हलवू नका.

लाइटच्या केबलमध्ये मात्र खरं नुकसान होतं. तीन पिनचा एआरजीबी ५ व्होल्टवर चालतो, चार पिनचा साधा आरजीबी १२ व्होल्टवर. ५ व्होल्टचा पंखा १२ व्होल्टच्या जागी जबरदस्तीने लावला तर लाइट गेलाच म्हणून समजा.

आणि ही चूक कधीच करू नका: जुन्या एसएमपीएसच्या मॉड्युलर केबल नव्या एसएमपीएसला लावणं. टोकं तंतोतंत बसतात, पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या मॉडेलगणिकही वेगळा असतो. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की हार्ड डिस्क डेटासकट संपते. एसएमपीएस बदलली की तिच्या सगळ्या केबलही बदलायच्या.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या

ही तक्रार आपल्याकडे घरोघरी आहे आणि ती फार हलक्यावर घेतली जाते. अनवाणी पायाने लादीवर उभं राहून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की करंट लागल्यासारखं होतं, टेस्टर लावला तर पेटतो. दुकानदार म्हणतो एसएमपीएस खराब आहे. एसएमपीएस बदलून आणली तरी तेच.

कारण असं की एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात, आणि तो अगदी किरकोळ प्रवाह अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जाणं अपेक्षित असतं. अर्थिंगच नसेल तर २३० व्होल्टच्या निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट पत्र्यावर येऊन थांबतात. प्रवाह नगण्य असल्याने सहसा झिणझिण्यांवर निभावतं. पण एसएमपीएसमध्ये खरा बिघाड झाला, तर तुम्हाला वाचवणारी तार जागेवर नाही, हा त्याचा अर्थ आहे. शिवाय चालू पीसीला टीव्हीची एचडीएमआय केबल जोडताना पोर्ट जळण्याचा धोका राहतो तो वेगळाच.

आधी साध्या गोष्टी बघा. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या कन्व्हर्टरमधून लावला आहे का? एक्स्टेन्शन बोर्डाच्या तिसऱ्या भोकात खरोखर तार आहे का? जुन्या वाड्यांत आणि चाळींत सॉकेट तीन भोकांचं असूनही मागे अर्थिंगची तार नसणं नेहमीचं आहे. इलेक्ट्रिशियनला बोलावून फेज आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. ते फेज आणि न्यूट्रलमधल्या व्होल्टेजच्या जवळपास यायला हवं. न्यूट्रलची तार अर्थच्या पिनला जोडून देणारा कोणी भेटला तर त्याला तिथेच थांबवा. न्यूट्रल कुठे तुटला तर अख्खं कॅबिनेट थेट फेजवर येतं.

काच काढली की लादीवर ठेवू नका

टफन्ड काच मधोमध बराच मार सहन करते, पण कडेला कठीण वस्तू टेकली की एका क्षणात तिचा चुरा होतो. व्हिट्रिफाइड टाइल ही नेमकी तशी कठीण वस्तू आहे. काच भिंतीला टेकवून लादीवर उभी करू नका. गादीवर किंवा पुठ्ठ्यावर आडवी ठेवा.

सगळं जोडलं, तरी चालू होत नाही

लगेच खोलायला घेऊ नका. डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमची जुळवणी करतो आणि पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. तोपर्यंत मॉनिटरची केबल बोर्डाला लावली आहे की ग्राफिक्स कार्डाला ते बघा. ती कार्डाला हवी. प्रोसेसरची आठ पिनची केबल बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात लावली आहे ना? ती कूलर आणि छताच्या मधल्या चिंचोळ्या जागेत येते, म्हणून राहून जाते. खाचा चार आणि रॅम दोन असतील तर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे छोटे लाइट असतील तर कोणता पेटून राहतो ते टिपून ठेवा.

पंखाही हलत नसेल तर कॅबिनेटच्या पॉवर बटणाची वायर काढा आणि बोर्डावरच्या त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. मशीन सुरू झालं तर बटण खराब आहे, बाकी सगळं ठीक. तरीही हालचाल नसेल तर बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस एवढंच जोडा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही. पुन्हा त्याच दोन पिना जोडून बघा. खोक्यावर चालू झालं आणि कॅबिनेटमध्ये बंद पडलं, तर कुठलाही पार्ट वॉरंटीला पाठवायची गरज नाही. टॉर्च घ्या आणि रिकाम्या कॅबिनेटच्या पत्र्यावर जादा खुंट, सुटलेला स्क्रू किंवा आय-ओ पट्टीचं (मागच्या पोर्टांभोवतीच्या पत्र्याचं) आत वाकलेलं पातं शोधा.