घोटा मुरगळला : पहिल्या दिवसापासून पुन्हा पळण्यापर्यंत

मुरगळलेल्या घोट्याचं दुखणं बहुतेकांचं दोन-तीन आठवड्यांत ओसरतं आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. दुखत नाही म्हणून व्यायाम बंद होतो, पण आतलं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड जोडणारा चिवट पट्टा, अजून कच्चं असतं आणि घोटा सावरणारे स्नायू अजून उशिरा जागे होत असतात. मग एखाद्या खडबडीत जागी तोच घोटा पुन्हा वळतो. पहिल्यांदा मुरगळल्यानंतर वर्षभरानेही घोटा डळमळत असल्याची तक्रार राहिलेल्यांचं प्रमाण काही अभ्यासांत ४० टक्क्यांपर्यंत आढळलं आहे. यातला बराच भाग टाळता येतो, मात्र त्यासाठी दुखणं थांबल्यानंतरचे आठवडे वाया घालवून चालत नाही.

बहुतेक वेळा पाऊल खाली झुकलेलं असताना तळवा आतल्या बाजूला वळतो. बाहेरच्या घोट्याच्या हाडापासून पुढे टॅलस नावाच्या हाडाकडे जाणारं छोटं लिगामेंट सगळ्यांत आधी ताणलं जातं. जोर जास्त असेल तर टाचेच्या हाडाकडे जाणारं दुसरं लिगामेंटही फाटतं. थोडे धागे ताणले गेले तर पहिली श्रेणी, अर्धवट फाटलं तर दुसरी, पूर्ण तुटलं तर तिसरी. सूज किती आली यावरून श्रेणी ठरवू नका. सुरुवातीला सूज आणि दुखणं इतकं असतं की घोटा किती सैल झाला आहे हे तपासणाऱ्यालाही नीट कळत नाही. चार-पाच दिवसांनी पुन्हा तपासून घेतलं की अंदाज बराच अचूक येतो.

आधी हाडाची खात्री

एक्स-रे कधी काढायचा यासाठी कॅनडातल्या ओटावा शहरात १९९२ साली मांडलेले नियम आजही जगभर वापरले जातात. घोट्याभोवती दुखत असेल आणि खालीलपैकी एक जरी गोष्ट असेल, तर एक्स-रे हवाच :

- बाहेरच्या किंवा आतल्या घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत, किंवा थेट टोकावर दाबल्यावर दुखणं
- दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता न येणं. लंगडत टाकली तरी ती धरायची

पावलाच्या मधल्या भागात दुखत असेल तर आणखी दोन जागा दाबून पाहायच्या : करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्यावर लागणारा उंचवटा, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड. करंगळीकडचा तो उंचवटा घोटा मुरगळताना अनेकदा मोडतो आणि सगळं लक्ष घोट्याकडे असल्याने निसटतो. दाबताना बोटाच्या टोकाने नेमकं हाडावर दाबा, शेजारच्या सुजेवर नको. लहान मुलांमध्ये हाडांच्या वाढीच्या पट्ट्या लिगामेंटपेक्षा आधी दुखावू शकतात. त्यांच्या बाबतीत घरच्या घरी निर्णय न घेता डॉक्टरांना दाखवा.

दुखणं घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांच्या मध्ये असेल आणि पाऊल बाहेर वळवल्यावर वाढत असेल, तर ती वेगळी दुखापत आहे. या दोन हाडांना जोडणारं लिगामेंट भरायला बराच जास्त वेळ घेतं. पुढचं वेळापत्रक तिला लावू नका. तसंच, मागून कुणी लाथ मारल्यासारखा झटका बसला असेल आणि चवड्यावर उभंच राहता येत नसेल, तर टाचेमागचा मोठा स्नायूबंध तुटला आहे का हे त्याच दिवशी तपासून घ्यायला हवं.

पहिले तीन-चार दिवस

या काळात आत रक्तस्राव थांबतो आणि सूज येते. ही सूज म्हणजे दुरुस्तीची पहिली पायरी आहे, कारण तुटलेले तुकडे उचलून नेणाऱ्या पेशी याच वेळी तिथे पोचतात. सूज आटोक्यात ठेवायची, पण ती शून्यावर आणण्याचा हट्ट नको. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं हे सूत्र १९७८ साली डॉ. गेब मर्किन यांनी प्रचलित केलं. पुढे २०१४ मध्ये त्यांनीच सांगितलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती दोन्हींनी भरून येणं लांबू शकतं. बर्फाचा खरा उपयोग दुखणं बधिर करण्यापुरता आहे. लावायचाच असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून १० ते १५ मिनिटं, मध्ये दोन तासांचं अंतर ठेवून. थेट त्वचेवर नको.

बर्फापेक्षा क्रेप बँडेज जास्त कामाचं. १० सेंटिमीटर रुंदीचं घ्या. पाऊल नडगीशी काटकोनात धरा. बोटांच्या मुळापासून सुरुवात करा, टाचेवरून इंग्रजी आठच्या आकारात फिरवत घोट्याच्या वर वीतभर न्या. प्रत्येक फेरीने आधीच्या फेरीचा अर्धा भाग झाकावा. बोटांकडे थोडं घट्ट आणि वर जाताना सैल ठेवा. हे उलटं झालं, म्हणजे वर घट्ट आणि खाली सैल, तर पाऊल सुजून टम्म होतं. टाच उघडी राहिली तर सूज तिथेच साचते. बांधून झाल्यावर अंगठ्याचं नख दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी रंग परतला नाही, बोटं गार पडली किंवा मुंग्या आल्या, तर सोडून पुन्हा बांधा. रात्री झोपताना काढून ठेवा. पाय छातीच्या पातळीपेक्षा वर ठेवा; खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर ठेवलेला पाय तेवढा उंच नसतो.

जोरात चोळणं, गरम शेक आणि पाय ओढून 'बसवणं' या तिन्ही गोष्टी या दिवसांत टाळा. त्याने नुकत्याच बंद झालेल्या रक्तवाहिन्या पुन्हा उघडतात आणि फाटलेलं लिगामेंट आणखी ओढलं जातं. घोट्यात सांधा निखळलेला नसेल तर बसवायचं असं तिथे काही नसतंच.

पाय टेकवणं मात्र थांबवू नका. झेपेल तेवढं वजन द्या आणि लंगडावं लागत असेल तर काठी घ्या, ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. लंगडत चालण्यापेक्षा काठी घेऊन सरळ चाललेलं केव्हाही बरं. तिसऱ्या श्रेणीच्या दुखापतीत प्लास्टर किंवा घट्ट आधार फार तर १० दिवस उपयोगी पडतो. चार आठवडे किंवा त्याहून जास्त जखडून ठेवलेले घोटे हालचाल सुरू ठेवलेल्या घोट्यांपेक्षा मागे पडतात.

आत काय घडत असतं

साधारण चौथ्या दिवसापासून तीन आठवड्यांपर्यंत नवीन कोलॅजन, म्हणजे लिगामेंट ज्या प्रथिनाच्या धाग्यांचं बनतं ते, तयार होतं. ते पातळ, कमजोर प्रकारचं असतं आणि त्याचे धागे पिंजलेल्या कापसासारखे सगळ्या दिशांना पसरलेले असतात. पुढे कित्येक महिने, कधी वर्षभरही, त्याची जागा दणकट कोलॅजन घेतं आणि धागे ओढ येईल त्या दिशेने रांगेत लागतात. ओढ कुठल्या दिशेला आहे हे त्यांना फक्त भारामुळे कळतं. भार दिलाच नाही तर धागे विस्कटलेलेच राहतात. फार लवकर फार भार दिला तर ते तुटतात आणि लिगामेंट लांब, सैल होऊन भरतं. व्यायामाची मात्रा ठरवायची ती या दोन टोकांच्या मध्ये.

मोजमाप सोपं आहे. व्यायाम करताना दुखणं ० ते १० मध्ये ३ पर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा आखडलेपण वाढलेलं नसावं. वाढलं असेल तर व्यायाम बंद न करता पुढच्या वेळी निम्मा करा. वेदनाशामक गोळी घेऊन व्यायाम करू नका, कारण ज्या मोजपट्टीवर सगळं अवलंबून आहे तीच त्यामुळे खोटी पडते.

व्यायाम

*पहिला आठवडा.* पाय उंच ठेवून पाऊल वर-खाली, २० वेळा, दिवसातून चार-पाचदा. तळवा आत वळवायची हालचाल सध्या नको, लिगामेंट नेमकं त्याच दिशेने फाटलं आहे. पावलाची बाहेरची कड भिंतीला टेकवा आणि पाऊल न हलवता भिंतीला ढकला : ५ सेकंद, १० वेळा.

*दुसरा-तिसरा आठवडा.* आता पोटरीचा ताण, भिंतीसमोर, टाच जमिनीला चिकटवून : ३० सेकंद, तीन वेळा गुडघा सरळ ठेवून आणि तीन वेळा थोडा वाकवून. गुडघा वाकवून घेतलेला ताण बरेच जण सोडून देतात, पण घोटा वाकण्याची मर्यादा त्यानेच सुधारते. रबरी पट्ट्याने पाऊल बाहेर ओढण्याचा व्यायाम १५ च्या तीन फेऱ्या. या व्यायामात एक चूक इतकी सर्रास होते की ती आधी पाहून घ्यावी : पट्टा ताणला की पाऊल फिरण्याऐवजी अख्खी मांडी बाहेर फिरते. मेहनत होते, घाम येतो, पण नडगीच्या बाहेरच्या बाजूचे जे पेरोनियल स्नायू घोटा आत वळताना रोखतात, त्यांना काहीच काम मिळत नाही. बसून करा, एका हाताने गुडघा धरून ठेवा, फक्त पाऊल हलू द्या आणि परत येताना तीन सेकंद लावा.

याच काळात दोन्ही पायांवर टाचा उचलणं सुरू करा, १५ च्या तीन फेऱ्या. आरशात मागून पाहा. वर गेल्यावर वजन करंगळीकडे कलत असेल तर घोटा पुन्हा मुरगळण्याच्याच दिशेने जातो. वजन अंगठा आणि शेजारच्या बोटावर राहिलं पाहिजे. जमेल तेवढीच उंची ठेवा. दोन्ही पायांनी सहज झालं की दोन्हींनी वर, एकट्या दुखऱ्या पायाने हळूहळू खाली, आणि मग एकाच पायाने वर-खाली.

*तोल.* सगळ्यांत जास्त वेळ यालाच द्यावा असं आमचं ठाम मत आहे. लिगामेंटमधले मज्जातंतू मेंदूला घोट्याची स्थिती कळवत असतात. ते दुखावले की निरोप उशिरा पोचतो. ही कसर ताकदीच्या व्यायामाने भरून निघत नाही. चालताना दुखणं थांबलं की अनवाणी, दोन भिंतींच्या कोपऱ्यात उभं राहून सुरू करा. एका पायावर ३० सेकंद, चार वेळा, रोज. दुसरा पाय टेकवावा न लागता जमलं की डोकं डावीकडे-उजवीकडे वळवत, मग डोळे मिटून, मग उशीवर, मग उशीवर उभं राहून चेंडू झेलत. गुडघा किंचित वाकलेला असावा. गुडघा ताठ ठेवून उभं राहिलं की घोटा काम टाळतो आणि तोल कमरेने सावरला जातो. दुखणं पूर्ण गेल्यावरही हे किमान दोन-तीन महिने चालू ठेवा.

पळायला कधी

आठवडे मोजून ठरवू नका. पहिल्या श्रेणीला दोन-तीन, दुसरीला चार-सहा आणि तिसरीला आठ-बारा किंवा त्याहून जास्त आठवडे हा नुसता अंदाज आहे. पुढच्या चाचण्या उत्तीर्ण झाल्यावर पळा :

- अर्धा तास भरभर चालल्यावर लंगडणं नाही, दुसऱ्या दिवशी सूज नाही.
- भिंतीसमोर टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा भिंतीपासून किती लांब राहतो ते मोजायचं. दोन पायांतला फरक २ सेंटिमीटरपेक्षा कमी हवा.
- एका पायावर टाच उचलणं : साधारण २५ वेळा, निदान चांगल्या पायाच्या ९० टक्के.
- एका पायावर पुढे उडी : अंतर चांगल्या पायाच्या ९० टक्के, आणि उतरल्यावर दोन सेकंद स्थिर.

सुरुवात १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, अशा ८ फेऱ्यांनी, सपाट जागेवर आणि एक दिवसाआड. सरळ पळणं बिनत्रासाचं झालं की मोठं वळण, मग आठचा आकार आणि शेवटी अचानक दिशा बदलणं. चेंडूचे, धक्काबुक्कीचे खेळ खेळणाऱ्यांनी पहिले काही महिने तरी खेळताना लेस बांधायचा घोट्याचा आधार किंवा टेप वापरावा. पुन्हा मुरगळणं त्याने खरोखर कमी होतं. घरात आणि चालताना मात्र आधार नको.

सहा-आठ आठवडे व्यायाम नेमाने करूनही सांध्याच्या आत खोल दुखत असेल, घोटा मध्येच अडकत असेल किंवा सूज परत परत येत असेल, तर टॅलस हाडावरच्या कूर्चेला इजा झालेली असू शकते. साध्या एक्स-रेत ती अनेकदा दिसत नाही, त्यामुळे एमआरआयबद्दल डॉक्टरांशी बोला. दुखत नाही पण घोटा सारखा वळतो अशी तक्रार असेल, तर मुरगळून वर्ष उलटलेलं असलं तरी तोलाच्या पहिल्या पायरीपासून फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली पुन्हा सुरुवात करा. शस्त्रक्रियेचा विचार साधारणपणे असे काही महिने नीट व्यायाम करूनही घोटा डळमळत राहिला तरच होतो.