बडोद्याच्या सरकारी प्राथमिक शाळेत रुजू होताना

बडोद्यातल्या सरकारी प्राथमिक शाळेत पहिली नेमणूक मिळाली असेल, तर पाठाचं टाचण काढण्याआधी हजेरीपत्रक वाचायला शिका. मी दांडिया बाजारात मराठीत वाढले, शिकवते गुजरातीतून. पहिल्या वर्षी होळीच्या सुमारास माझ्या दुसरीच्या वर्गातली निम्मी मुलं येईनाशी झाली. आईबापांना शिक्षणाची किंमतच नाही, असं मला वाटलं. त्या विचाराची आजही खंत वाटते. दाहोद, छोटा उदेपूरकडून बांधकामावर आलेली ही कुटुंबं सणाला गावी जातात आणि काम मिळेल तिथे परततात, कधी याच वस्तीत, कधी भलत्याच शहरात. आता मी महिनाभर आधीच घरोघर विचारते: कधी निघणार, कधी येणार, मूल मागे कुणाजवळ राहू शकेल का? दोनतीन मुलं तरी मावशीकडे राहतात.

परतलेल्या मुलाला कागदांसाठी ताटकळत ठेवू नका. आमच्याच शाळेत एक मुलगी दाखल्याअभावी तीन आठवडे घरी बसली होती. शिक्षण हक्क कायदा, २००९ स्पष्ट आहे: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आधीच्या शाळेचा दाखला उशिरा आला तरी नाही. कलम १४ आणि ५ पाठच करून ठेवा.

यातली बरीच मुलं घरी राठवी किंवा भिली बोलतात. वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाला मंद समजू नका. त्याच्या भाषेतले शब्द त्याच्याकडूनच शिका, फळ्यावर गुजरातीशेजारी लिहा. चार दिवसांत तो बोलायला लागतो.

सकाळी कितीतरी जण नुसत्या चहावर येतात. मध्यान्ह भोजनात प्राथमिकच्या मुलामागे ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं धरलेली आहेत. अवघड वाचन मी जेवणानंतर घेते.

सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. तरी पाठच्या भावाला सांभाळायला सात वर्षांची मुलगी आजही घरी राहते. अशा एकीला मी सांगितलं, त्यालाही घेऊन ये. वर्गाच्या कोपऱ्यात गोधडी अंथरली. तो झोपायचा, ती वाचायची. तीन वर्षांचा झाल्यावर वस्तीजवळच्या अंगणवाडीत त्याचं नाव घातलं, तेव्हा अर्ज तिनेच वाचून आईला सांगितला.