ईएचसी प्लॅन रखडला होता, शेवटी असा मिळाला

आम्ही इंग्लंडात, लेक ७ वर्षांची, ऑटिस्टिक. अर्ज केल्यापासून २० आठवड्यांत फायनल ईएचसी प्लॅन (विशेष गरजा असलेल्या मुलाला कोणती मदत द्यायची ते लिहिलेला कायदेशीर कागद) मिळायला हवा असा नियम आहे, आमचे ३४ झाले तरी कौन्सिलचं, म्हणजे इथल्या पालिकेचं, एकच पालुपद, मुलांची तपासणी करायला सायकॉलॉजिस्ट नाहीत. पोरगी रोज शाळेच्या गेटपाशी माझा दुपट्टा घट्ट धरून उभी राहायची, जीव तुटायचा. मग फोन बंद केले, सगळं ईमेलवर, तारखा वहीत. आधी कौन्सिलकडेच फॉर्मल तक्रार, त्यांचं शेवटचं उत्तर आल्यावर ओम्बड्समनचा (कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणारी स्वतंत्र संस्था) ऑनलाइन फॉर्म, फुकट असतो पण अडचण कळल्यापासून साधारण १२ महिन्यांच्या आत करा. आणि हो, उशिरासाठी ओम्बड्समन, प्लॅनमधला मजकूर पटला नाही तर ट्रिब्युनल (अपील ऐकणारं न्यायाधिकरण), इथे बरेच जण गोंधळतात. प्लॅन आला, माफीचं पत्रही. काल लेक डबा संपवून आली.