नागपुरात प्लॉट, अंगण, बोअर आणि झाडं: या चुका टाळा

२३ सप्टेंबर २०२३ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला आणि काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्राबाहेर आली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी ते थेट सीताबर्डीच्या मोरभवन बसस्थानकापर्यंत पाणी शिरलं. माणसं दगावली, घरातलं सगळं चिखलात गेलं. नंतर जो तो म्हणत होता, "एवढा पाऊस आधी कधी पाहिला नाही." पाऊस मोठा होता यात वाद नाही. पण लावा गावाजवळच्या टेकड्यांकडून येणारं हे पाणी अडवून १८७० साली अंबाझरी बांधला, तेव्हा त्याच्या खाली आणि वर मोकळी जमीन होती. आज त्या जमिनीवर आपण राहतो, आणि तिचा बराचसा भाग सिमेंटखाली आहे.

हे सगळं महापालिकेवर किंवा सरकारवर ढकलून मोकळं होता येत नाही. आपल्या कुंपणाच्या आतही बरंच काही चुकतं. ओळखीपाळखीच्या घरांची कामं पाहताना आणि आमच्याच लेआउटमध्ये फिरताना त्याच त्या चुका वर्षानुवर्षं दिसतात. त्यातल्या दुरुस्त करता येण्यासारख्या चुकांबद्दल लिहितोय.

प्लॉट एप्रिलमध्ये पाहणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. उन्हाळ्यात सगळेच प्लॉट सारखे दिसतात: सपाट, कोरडे, कोपऱ्यात चुन्याच्या खुणा. दलाल म्हणतो, "नाला? तो तर कधीचा बंद झाला जी." नाला बंद होत नसतो. त्याचं पाणी टेकडीवरून उतारानंच येतं. मधली वाट बुजवली तर ते तुमच्या हॉलमधून जातं.

काय करायचं? रजिस्ट्रीत मौजा (गाव) आणि खसरा नंबर (जमिनीचा सर्व्हे नंबर) असतो. त्यावरून गावाचा जुना नकाशा काढा. सरकारच्या महाभूनकाशा या संकेतस्थळावर तो ऑनलाइनही दिसतो. त्यात नाला, पांदण, तलावाची हद्द रेघांनी दाखवलेली असते. आजच्या लेआउटच्या नकाशात ती रेघ गायब असेल, तर तेवढ्या एका गोष्टीसाठी सौदा थांबवा. नदी जवळ असेल तर पूररेषा विचारा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधायचंच नाही. नागपूर सुधार प्रन्यासचं (नासुप्र) आरएल हे पत्र हातात आहे म्हणजे प्लॉट बुडणार नाही, असा समज मी अनेकांचा पाहिला आहे. आरएल प्लॉट नियमित करतं, पाण्याचा उतार बदलत नाही.

मग पाऊस पडत असताना, ऑगस्टमध्ये, एकदा तिथे जाऊन उभे राहा. आणि उन्हाळ्यात जावंच लागलं तर झाडोरा बघा. जिथे बेशरम माजलेला आहे, लव्हाळा किंवा पाणकणीस आहे, तिथे पाणी साचून राहतं. शेजारच्या जुन्या भिंतींवर जमिनीपासून ठरावीक उंचीवर ओलीची रेघ असते, तीही पाहा. शेजारच्या आजींना विचारलं तर त्या नकाशापेक्षा जास्त सांगतात.

सखल प्लॉट घेतलाच असेल तर पुढची चूक असते भरणाची. घरं पाडल्याचा मलबा, कुठून तरी आणलेली राख, जे स्वस्त मिळेल ते टाकून प्लॉट रस्त्याच्या वर आणतात. तुमचा प्लॉट उंच झाला की पाणी मागच्या घरात जातं. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख विटांमध्ये बंदिस्त झाली की तिचा उपयोग आहे, आणि राखेच्या विटा वापरायला माझी हरकत नाही. पण सुटी राख सखल जागेत ओतणं म्हणजे तिच्यातली द्रव्यं खालच्या विहिरींपर्यंत नेणं. भरण लागणारच असेल तर मुरूम घ्या, आणि पाण्याला प्लॉटच्या कडेनं वाट ठेवा.

तंत्रज्ञान निसर्गाच्या विरोधातच जातं, असं मला वाटत नाही. नागपूरहून सिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. रुंदीकरणाच्या वेळी मोठा वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि शेवटी रस्त्याखालून प्राण्यांसाठी नऊ वाटा ठेवून तो बांधला गेला. काही ५० मीटरच्या, तर सगळ्यात मोठी ७५० मीटरची. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत त्या वाटांवरून चितळ, रानडुकरं, रानकुत्रे आणि वाघही जाताना दिसले. तिथे आधी जनावरांची ये-जा कुठून होते ते पाहिलं आणि मग खांब उभे केले. घर बांधताना आपल्याला पाण्याच्या बाबतीत हेच करायचं असतं, आणि त्याला महामार्गाइतका खर्चही येत नाही.

काळ्या मातीला ओळखल्याशिवाय खड्डा खणणं

पश्चिम नागपूर दख्खनच्या बेसाल्टवर, म्हणजे काळ्या कातळावर वसलं आहे. गिट्टीखदान हे नाव उगाच पडलेलं नाही. पूर्वेकडे मात्र त्याहून कितीतरी जुना, वेगळा खडक आहे. म्हणून वाडीत जमलं ते पारडीत जमेलच असं नाही. बेसाल्ट झिजून झालेली काळी माती पावसात फुगते आणि मेमध्ये आकसते. भेगा इतक्या मोठ्या पडतात की हात आत जातो. तुमच्या घराच्या भिंतीलाही दरवर्षी त्याच जागी तडा जात असेल, तर आधी माती पाहा.

इथे दोन चुका जोडीनं होतात. पहिली म्हणजे मेमध्ये तडा सिमेंटनं बुजवणं. माती जुलैत पुन्हा फुगते आणि तडा शेजारी उघडतो. आधी भिंतीलगत पाणी कुठून येतंय ते शोधा: गळणारा नळ, छताचा पाइप, कुंडीची रांग. दुसरी चूक म्हणजे पावसाचं पाणी मुरवण्यासाठी पायाला चिकटून खड्डा करणं. हेतू चांगला असतो, पण पायाखालची माती एका बाजूनं ओली राहते आणि घर कलतं. खड्डा पायापासून किमान दहा फूट लांब हवा. घराभोवतीची तीन फुटांची पट्टी मात्र पक्की करावी, तिचा उतार बाहेर असावा. गाडीच्या चाकांपुरत्या पट्ट्या सोडल्या, तर अंगणात सिमेंट चालेल अशी जागा एवढीच.

आता शोषखड्डा. "खड्डा केला, पण पाणी भरूनच राहतं, डास झाले," ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकली आहे. आमच्याकडे एका मिस्त्रीनं खड्डा खणता खणता सांगितलं होतं, "दादा, काळी मट्टी हाय ना जी ही. पानी प्याली की तोंड मिटते." त्याचं बरोबर होतं. ओली झालेली काळी माती पाणी जवळजवळ घेतच नाही. तिच्या खालच्या मुरमापर्यंत किंवा भेगाळलेल्या खडकापर्यंत खड्डा गेला पाहिजे.

खर्च करण्याआधी ही चाचणी करा. जेवढ्या खोलीवर पाणी मुरवायचं आहे तिथे फूटभर रुंद, दोन फूट खोल छोटा खड्डा घ्या. तो पाण्यानं भरून रात्रभर सोडा, म्हणजे माती प्यायची तेवढं पिऊन घेईल. सकाळी पुन्हा भरा, काठीवर खूण करा, घड्याळ लावा. तासाभरात पाणी बोटभरही उतरलं नाही तर आणखी खोल जा किंवा जागा बदला. चांगल्या मुरमात ते डोळ्यांदेखत उतरतं.

परिसरात जुनी विहीर असेल तर छताचं पाणी मुरवायला ती पहिली निवड. नागपुरात अशा शेकडो विहिरी आहेत, कित्येक कचऱ्यानं भरलेल्या. लोकांना किती पाणी मिळतं याचा अंदाज नसतो, म्हणून हिशेब देतो: १,००० चौरस फुटांच्या छतावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे ९,३०० लिटर पाणी होतं, म्हणजे जवळपास एक मोठा टँकर. शंभर घरांच्या लेआउटमध्ये एका रात्रीत नऊ लाख लिटरच्या वर. हे सगळं एकदम रस्त्यावर सोडायचं की थोडं जमिनीत, ते आपल्या हातात आहे.

बोअरमध्ये पाणी सोडणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, आणि यात तडजोड करू नका. बोअरमध्ये फक्त छताचं पाणी जावं. अंगणाचं, गाडी धुतल्याचं, गडरजवळचं (गटाराजवळचं) कधीच नाही, कारण तिथे ते गाळलं न जाता थेट भूजलात पोचतं आणि मग शेजाऱ्याच्या बोअरमधून वर येतं. आणि मोसमाचे पहिले दोन-तीन पाऊस बाहेर सोडून द्यायचे. त्यासाठी पाइपला वेगळी तोटी हवी. गाळणीत तळाला मोठे दगड, मध्ये गिट्टी, वर जाडी रेती. पाणी उतरेनासं झालं तर सगळी गाळणी उपसू नका. बहुतेक वेळा वरची चार बोटं रेतीच गाळानं भरलेली असते, ती मेअखेर धुऊन टाकली की पुरतं.

सगळ्या अंगणात गट्टू

गट्टू म्हणजे सिमेंटचे पेव्हर ब्लॉक. आम्हीही बसवले होते. चिखल नको, झाडू मारायला सोपं. दुसऱ्याच उन्हाळ्यात फरक कळला: रात्री नऊनंतर अंगणात बसणं बंद झालं, कारण दिवसभर तापलेलं सिमेंट रात्री उष्णता सोडत राहतं. फाटकाजवळच्या कडुनिंबाचा शेंडा वाळायला लागला. आम्ही गाडीच्या दोन चाकांपुरत्या पट्ट्या ठेवून बाकीचे गट्टू काढले आणि तिथे जाडी रेती, मुरूम आणि गवत घातलं. कडुनिंब पुढच्या पावसाळ्यात सावरला. झाडाच्या खोडाभोवती सगळीकडून किमान एक मीटर माती उघडी हवी. तुमच्या फाटकाबाहेरचं झाड सिमेंटनं गळ्यापर्यंत आवळलेलं असेल, तर महापालिकेच्या उद्यान विभागाला पत्र द्या. सिमेंट हलक्या हातानं फोडा, ब्रेकरनं मुळं तुटतात.

उकाड्याबद्दल बोलताना एक चूक सुशिक्षित लोकही करतात: कुठलाही आकडा खरा मानतात. ३० मे २०२४ला नागपुरात ५६ अंशांची नोंद झाली म्हणून देशभर बातम्या झाल्या. हवामान खात्यानं तपासलं, तेव्हा स्वयंचलित केंद्रातला सेन्सर बिघडलेला निघाला. नागपूरचा आजवरचा नोंदलेला उच्चांक ४७.९ अंश आहे, २३ मे २०१३चा. तोच पुरेसा भयंकर आहे, फुगवायची गरज नाही. घरी तापमापक लावायचा असेल तर सावलीत, वारा लागेल असा, जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच लावा. गच्चीच्या कठड्यावरचा किंवा गाडीतला आकडा सिमेंटचा आणि पत्र्याचा असतो.

गच्चीला पांढरा चुना लावणं स्वस्त आणि गुणकारी आहे. फक्त धूळ बसली की त्याचा परिणाम घटतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये दोनदा झाडून घ्या. पावसाचं पाणी बोअरला जोडलेलं असेल तर पहिल्या पावसाबरोबर हा चुना धुऊन येतो, त्या वेळी तोटी बाहेरच्या बाजूला हवी.

झाडं

यावर थोडक्यात. लवकर हिरवं दिसतं म्हणून कुंपणाला कोनोकार्पसची रांग लावू नका. आपल्या कोरड्या पानझडी भागात कडुनिंब, करंज, बेहडा, मोह, पळस, अर्जुन यांना आपलं ऊन आणि आपले कीटक ओळखीचे आहेत. रोज खोडाशी तांब्याभर पाणी घालू नका, मुळं वरच राहतात आणि पहिल्या वादळात झाड आडवं होतं. आठवड्यातून एकदा, पसरून, भरपूर घाला. लोखंडी जाळी तीन-चार वर्षांनी काढा, ती खोडात रुतलेली पाहून जीव तुटतो. आणि गावाबाहेरचा गवताळ माळ "पडीक" समजून तिथे रोपं लावायला ट्रक घेऊन जाऊ नका. माळावर टिटवी आणि चंडोल जमिनीवर अंडी घालतात, गुरं चरतात, पाणी मुरतं. झाड तोडायचं असेल तर परवानगी घ्या. २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड कायद्यानं वारसा वृक्ष आहे.

तलाव हिरवा झाला म्हणून जलपर्णी उपसणं

यंत्र येतं, ढीग काठावर पडतो, फोटो निघतात, दोन-तीन महिन्यांत पाणी पुन्हा झाकतं. जलपर्णी सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर वाढते. तलावात येणारी सांडपाण्याची नळी चालू ठेवून ती कितीही काढा, परत येणारच. तलावाकाठच्या सोसायटीनं आधी आपलं गडर कुठे मिळतं ते शोधावं. पावसाच्या नालीत जोडलेलं निघालं तर ते तोडून सांडपाण्याच्या लाइनला जोडून घ्यावं. नाग नदी शहरातून सुमारे सतरा किलोमीटर वाहते आणि हे पाणी कन्हान-वैनगंगेतून गोसीखुर्दपर्यंत नेते. भंडाऱ्याकडची माणसं ते भोगत आहेत.

रस्ता होऊन गेल्यावर तक्रार करणं

सिमेंटचा नवा रस्ता जुन्यावरच चढवला की घरं खाली जातात आणि पहिल्याच पावसात उंबरठ्याला पाणी लागतं. मग प्रत्येक जण आपला ओटा उंच करतो आणि पाणी पुढच्याकडे ढकलतो. याला उपाय कामाच्या आधीच आहे. रस्त्याची मोजणी सुरू झालेली दिसली की फाटकाच्या खांबावर सध्याच्या रस्त्याच्या पातळीची रंगानं रेघ मारा आणि तारखेसह फोटो काढा. गल्लीतल्या दहा-बारा घरांनी मिळून महापालिकेच्या झोन कार्यालयात पत्र द्या: जुना थर खरवडून काढावा, नव्या रस्त्याची पातळी या रेघेच्या वर जाऊ नये, कडेच्या पावसाळी नालीचा उतार दाखवावा, झाडांभोवती एक मीटर सोडावा. पत्राची पोच घ्या. आमच्या मागच्या गल्लीनं हे केलं आणि तिथला जुना थर निघाला. आमच्या गल्लीत आम्ही गिट्टी पडल्यावर गेलो, आता दर पावसाळ्यात चार घरांच्या दारात रेतीची पोती रचतो.